बंदरातील नाविक-कल्याण कार्यकर्ता : कामाचे स्वरूप आणि कायद्यातील स्थान

परदेशी बंदरात जहाजावर चढून नाविकांची विचारपूस करणाऱ्या कल्याण-कार्यकर्त्याच्या कामाचे स्वरूप व कायद्यातील त्याचे स्थान यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या सेवेचा मूळ हेतू निवारा हा होता. मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयाची आजची दगडी इमारत १८७६ साली 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' म्हणून पूर्ण झाली. मशीद बंदर भागातील 'इंडियन सेलर्स होम'मध्ये महायुद्धांत मृत्यू पावलेल्या भारतीय नाविकांची स्मारके आहेत. गोव्याच्या खलाशांनी तर गावागावांचे 'कूड' मुंबईत उभारून दोन नोकऱ्यांमधील मुक्कामाची सोय स्वतःच केली होती. त्या काळी जहाज आठवडेच्या आठवडे धक्क्याला असे आणि नाविक शहरात येई. कंटेनर वाहतुकीने हे चित्र पालटले. आज असे जहाज अनेकदा पुरता एक दिवसही बंदरात थांबत नाही. शिवाय १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेमुळे बंदरात ये-जा करणे कठीण झाले. साहजिकच नाविकाने केंद्रात येण्याऐवजी कार्यकर्त्यानेच जहाजावर जावे, अशी रीत रूढ झाली.

त्याचा दिवस येणाऱ्या जहाजांच्या यादीपासून सुरू होतो. हेल्मेट, चकाकते जाकीट व प्रवेशपत्र घेऊन तो शिडी चढतो, पहाऱ्यावरील खलाशाच्या वहीत नाव लिहितो आणि अधिकाऱ्याची अनुमती घेतो. पिशवीत सिमकार्डे, मातृभाषेतील बातम्यांची पाने, थंडीच्या प्रदेशात लोकरी टोप्या असतात. खाली गाडी उभी असते, कारण टर्मिनलमध्ये पायी फिरण्यास बहुधा मनाई असते. हा झाला कामाचा दिसणारा भाग. जेवणघरात चहा घेताना जे कानावर येते ते अधिक मोलाचे : थकलेला पगार, अंगावर काढलेले दुखणे, घरचा मृत्यू.

येथेच त्याच्यापुढील खरा पेच उभा राहतो. तो जहाजावर कप्तानाच्या संमतीने आलेला पाहुणा असतो. तपासणीचा कोणताही अधिकार त्याच्याकडे नसतो. थकबाकीची तक्रार बंदरातील शासकीय निरीक्षकाकडे गोपनीय रीतीने करता येते. तथापि वीस-पंचवीस माणसांच्या जहाजावर तोंड कोणी उघडले हे ओळखणे अवघड नसते. पुढचा करार मिळणार नाही या धास्तीने नाविक "कोणाला सांगू नका" असे विनवितो, आणि जहाज संध्याकाळी सुटणार असते. २०१४ च्या दुरुस्तीनुसार (अंमल १८ जानेवारी २०१७) किमान दोन महिन्यांचे वेतन थकवून मालकाने संबंध तोडल्यास नाविक 'परित्यक्त' ठरू शकतो व आर्थिक हमीतून चार महिन्यांपर्यंतची थकबाकी मिळू शकते. हा दावा उभा राहतो तो कराराच्या व वेतनपत्रकांच्या प्रतींवर. त्या वेळीच जपून ठेवा, एवढे तरी कार्यकर्ता कोणाचाही विश्वास न मोडता सांगू शकतो.

हे काम बव्हंशी धर्मादाय संस्थांच्या बळावर चालते. १८५६ साली स्थापन झालेली 'मिशन टू सीफेअरर्स' व १९२० साली ग्लासगोत आरंभलेली 'स्टेला मारिस' या ख्रिस्ती संस्था सर्वधर्मीय नाविकांची सेवा करतात. सागरी श्रम करार २००६ साली संमत झाला, २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. बंदरातील कल्याण-सुविधा सर्व राष्ट्रीयत्वांच्या नाविकांना खुल्या असाव्यात, हे त्याच्या बंधनकारक भागात आहे. स्वयंसेवकांखेरीज आवश्यकतेनुसार पूर्णवेळ कर्मचारी नेमावेत, ही सूचना मात्र केवळ मार्गदर्शक भागात आहे. माझ्या मते ही वाटणी सदोष आहे. सुविधा म्हणजे शेवटी शिडी चढणारा माणूसच, आणि त्याच्या नेमणुकीचे बंधन कोणावरही नाही.

करोनाकाळात हे ठळकपणे दिसले. २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकले होते. त्या काळात अनेक बंदरांत कार्यकर्त्याला सामानाची पुडकी शिडीच्या पायथ्याशी ठेवूनच परतावे लागे.

२०२२ च्या दुरुस्तीने (अंमल २३ डिसेंबर २०२४) जहाजावरील इंटरनेट सुविधेलाही करारात स्थान मिळाले. सिमकार्डांची गरज त्यामुळे घटेल. मात्र घरची वाईट बातमी आता बंदराची वाट पाहत नाही. ती भर समुद्रात पोहोचते, आणि कार्यकर्ता शिडी चढतो तेव्हा कधी कधी आठवडाभर जुनी झालेली असते.