आजारपण, गुण आणि कॉलेजबदल

औंध संस्थानात गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय होती, म्हणून पालगडचा पांडुरंग साने तिथं शिकायला आला. पुढे औंधात प्लेग आला आणि मुलांना घरी पाठवलं. घरी वडिलांना शंका, पोरगा खरंच शिकतोय ना? ते ऐकून दुखावलेल्या साने गुरुजींनी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात नाव घातलं.

दमा, मधुमेह असलेल्या मुलाचे गुण घसरले की आजही तीच शंका येते. मग ठरतं, कॉलेज बदलू, घराजवळ आणू. पण साथ ओसरते, जुना आजार ओसरत नाही. नापास विषयही बरोबर येतात. पुण्याहून औंधला यायचं, तर विद्यापीठच बदलतं. शिवाजी विद्यापीठासाठी मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. कोणते विषय धरले जातील, हे नव्या कॉलेजकडून लेखी घ्या. तोवर जुन्या कॉलेजातलं नाव काढू नका. घाईनं वर्ष जातं.

२०१६च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. दमा, मधुमेह नाहीत. अशा मुलांना आधार डॉक्टरांच्या तारीखवार कागदांचाच. ते प्राचार्यांकडे परीक्षेआधी द्यावेत. निकालानंतर दिले तर सबब वाटते.