पाटीवर पसरलेलं मीठ

या पोरांनो, बसा. आज जमिनीखालच्या भुताची गोष्ट.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात बोर्डन नावाची लष्करी छावणी आहे. 1982च्या ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या वाळूत क्लोराइड-ब्रोमाइडची मिठं मिसळलेलं 12 हजार लिटर पाणी सोडलं आणि त्याच्यावर पाळत ठेवली. चाल केवढी? दिवसाला जेमतेम 9 सेंटिमीटर! गोगलगायही कंटाळेल. वाळूच्या कणांना वळसे घालताना काही पाणी पुढे निसटतं, काही रेंगाळतं, म्हणून मीठ पसरत जातं. हे पसरणं खरं.

भूत बसलंय ते हे पसरणं कॉम्प्युटरवर मोजण्याच्या हिशेबात. पाटीवर ओळीनं पाच घरं आखा. पहिल्या घरात मिठाचे 100 दाणे. पाणी रोज अर्धं घर सरकतं असं धरू. कॉम्प्युटरची साधी रीत अशी, की प्रत्येक घरातलं निम्मं मीठ पुढच्या घरात ढकलायचं. पहिल्या दिवशी 50, 50. दुसऱ्या दिवशी 25, 50, 25. थांबा! दोन दिवसांत पाणी बरोब्बर एक घर पुढे गेलं ना? मग शंभरही दाणे दुसऱ्या घरात हवेत, आहेत पन्नासच. चौथ्या दिवशी तिसऱ्या घरात शंभर हवेत, आहेत साडेसदतीस. पसरण्याचं तर आपण नावही काढलं नव्हतं! हे खोटं पसरणं, हेच आपलं भूत.

घरात शिरलेलं मीठ लगेच घरभर सारखं झालं, असं कॉम्प्युटर धरून चालतो. खोट तिथेच. मिठाऐवजी कारखान्याचं विष असतं, तर हिशेबात ते विहिरीत खऱ्यापेक्षा लवकर आणि पातळ होऊन पोचलेलं दिसलं असतं.

मग रोज अर्ध्याऐवजी पाव घर सरकवू? इथे भलेभले फसतात. तेवढ्याच वाटेत पसारा उलट वाढतो! पाऊल अगदी बारीक केलं, की खोट्या पसरण्याचं माप निम्म्या घराएवढं होतं. बोर्डनच्या वाळूत खऱ्या पसरण्याचं माप 36 सेंटिमीटर निघालं. घर एक मीटरचं आखलं, तर भुताचं 50. खऱ्याहून भूत मोठं!

दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी घेणारी दुसरी रीत हे भूत हाकलते, पण मग एखाद्या घरात मीठ निघतं वजा पाच दाणे. आता बोला!

राहता राहिला उपाय, घरंच लहान करायची. 10 सेंटिमीटरची केली, की भूत 5 सेंटिमीटरवर येतं. पण लांबी, रुंदी, खोली तिन्हीकडे दहा-दहा तुकडे. एका घराची झाली हजार घरं, आणि पाटी आपली एकच.