परदेशात एक सत्र: एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय?

ब्रह्मपुरी, मूल, आरमोरीकडच्या मुलांशी परदेशी शिक्षणाबद्दल बोललं की पहिला प्रश्न पैशांचा येतो. म्हणून आधी दोन वाटा वेगळ्या समजून घेऊ.

पहिली वाट पूर्ण पदवीची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी 75 जागा असतात. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये लागतं.

दुसरी वाट एक्स्चेंजची. पदवी आपल्याच विद्यापीठाची. फक्त एक सत्र, समजा डेन्मार्कच्या आर्हुस शहरात शिकायचं. दोन विद्यापीठांत तसा करार असेल तर तिथली फी भरावी लागत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र आपला. करार युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतला असेल, तर निवड झालेल्यांना प्रवासाला आणि महिन्याच्या खर्चाला मदत मिळते.

तिथं प्राध्यापकांना नावानं हाक मारतात, गटात काम करावं लागतं, तोंडी परीक्षा बऱ्याच असतात. पाठांतरावर वाढलेल्याला हे जड जातं. पण प्रश्न विचारायची सवय आपल्या विहारातल्या अभ्यासिकेतही लागू शकते.

खरी अडचण कराराची आहे. आपल्या कॉलेजला, गोंडवाना विद्यापीठाला लेखी विचारा: असा करार कोणाशी आहे? नसेल तर मागणी करा. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे, हक्क आहे. तो मागायला लाजू नका.

जय भीम!