ब्रेक काढलेली गाडी आणि मामांचं सोडियम

कॅन्सरचा पेशंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? केस गेलेलं डोकं, उलट्या, तोंडाला मास्क. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. त्यामुळे मोठ्या मामांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला आणि औषध चालू होऊन पाच-सहा महिने झाले, तरी त्यांचे केस आणि मिशा जागच्या जागी पाहून मला आश्चर्यच वाटलं. मी तसं बोलून दाखवल्यावर मामा म्हणाले, "अगं, हे केमो नव्हे, इम्युनोथेरपी. डॉक्टर म्हणतात, आमच्याच फौजेचा ब्रेक काढलाय." मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. त्यांनी पुढे लगेच विचारलं, "पण मला सांग, ब्रेक काढलेली गाडी नुसती शत्रूच्याच अंगावर जाते का?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर आम्हाला सातव्या महिन्यात मिळालं. ते सांगण्यासाठीच हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाली. 'अंतःस्रावी ग्रंथी' हा शब्द आईकडून दोनदा लिहून घेतलाय. चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

आधी ब्रेकबद्दल. आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या हल्ला करतात. पण हल्ला थांबवायचीही सोय हवी, नाहीतर साधी सर्दी झाली तरी शरीर स्वतःलाच पोखरत बसेल. म्हणून टी-सेलवर काही ब्रेक असतात. एकाचं नाव सीटीएलए-४, दुसऱ्याचं पीडी-१. पीडी-१ जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. सीटीएलए-४ चा ब्रेक अडवला तर उंदरांमधल्या गाठी विरघळतात, हे अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी १९९६ च्या सुमारास दाखवलं. दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं. कॅन्सरची पेशी लबाड असते. ती टी-सेलचा पीडी-१ ब्रेक स्वतःच दाबून ठेवते आणि फौज समोर उभी राहूनही गप्प बसते. नवीन औषधं म्हणजे त्या ब्रेकवर बसणाऱ्या अँटीबॉडीज. त्या मध्ये आल्या की ब्रेक दाबलाच जात नाही. इपिलिमुमॅब हे पहिलं औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ मध्ये. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा त्वचेचा कॅन्सर २०१५ मध्ये मेंदूपर्यंत गेला होता. त्यांना ऑपरेशन आणि रेडिएशनबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब दिलं. ते २०२४ च्या डिसेंबरमध्ये वारले, तेव्हा त्यांचं वय पूर्ण शंभर होतं! सगळ्यांना असा गुण येत नाही, हेही खरं.

आता मामांचा प्रश्न. ब्रेक काढलेली फौज कुठेही घुसू शकते. कातडीत घुसली तर पुरळ आणि खाज, आतड्यात घुसली तर जुलाब, लिव्हरमध्ये कावीळ, फुफ्फुसात कोरडा खोकला आणि धाप. क्वचित हृदयात, आणि ते फार वाईट. केमोमध्ये शरीराची फौज कमी पडते, इथे ती जास्त होते. म्हणून इथले जुलाब म्हणजे बाहेरचं खाल्ल्याने पोट बिघडलं असं समजून घरी गोळ्या घेत बसणं धोक्याचं. त्याला बऱ्याचदा डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड लागतं, म्हणजे थोडा वेळ परत ब्रेक लावायचा. वेळेवर लावला तर बहुतेक वेळा हे त्रास आटोक्यात येतात.

हॉर्मोनचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात फसवं. कारण ते दिसतच नाही.

सगळ्यात जास्त मार खाते ती थायरॉईड. हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीला तडा गेला की पहिल्या दिवशी जिन्यातून, भिंतीवरून पाणीच पाणी. बघणाऱ्याला वाटेल, वा, काय पाणी आलंय! दोन दिवसांनी सगळे नळ कोरडे, आणि बादली घेऊन खालच्या मजल्यावर रांग. थायरॉईडमध्ये हॉर्मोनचा साठा असतो. टी-सेलनी ग्रंथी फोडली की साठा रक्तात सांडतो. मग छातीत धडधड, घाम, हाताला कंप, वजन कमी. काही आठवड्यांनी साठा संपतो आणि उलटं सुरू होतं: थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, सुस्ती, सुजलेला चेहरा. पहिल्या टप्प्यात थायरॉईड दाबायच्या गोळ्या देऊन उपयोग नसतो, कारण ग्रंथी जास्त तयार करत नसून नुसती गळत असते. नंतर थायरॉक्सिनची गोळी लागते, बहुतेकांना कायमची. ती गोळी आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आया रोज सकाळी उपाशीपोटी घेतातच.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला झाला तर मधुमेह होतो. शंभरात एखाद्यालाच होतो, पण एकदम. आयुष्यात कधी साखर नव्हती असा माणूस खूप तहान, खूप लघवी आणि उलट्या घेऊन थेट आयसीयूत पोचू शकतो. त्याला गोळ्या चालत नाहीत, इन्सुलिनच लागतं.

आणि आता पिट्युटरी. ज्यांनी कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलाय (आणि ज्यांचा राहिलाय) त्यांना हे पटकन कळेल. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. ती एसीटीएच नावाचा सिग्नल पाठवते. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी तो सिग्नल मिळाला की कॉर्टिसॉल बनवतात. कॉर्टिसॉल वाढलं की पिट्युटरी सिग्नल कमी करते. साधा निगेटिव्ह फीडबॅक लूप. रक्तदाब, साखर, आजारपणात तग धरणं, सगळं या लूपवर चालतं. इम्युनोथेरपीत पिट्युटरीतल्या एसीटीएचच्या पेशी मेल्या तर कंट्रोलरच गेला. ॲड्रिनल ठणठणीत, पण त्यांना ऑर्डर देणारं कोणी नाही. इपिलिमुमॅबमध्ये हे जास्त होतं आणि डोकं दुखून थोडी तरी सूचना मिळते. पीडी-१ च्या औषधांत कमी होतं, पण बऱ्याचदा डोकंही दुखत नाही आणि एमआरआयसुद्धा नॉर्मल येऊ शकतो.

मामांचं हेच झालं. सातव्या महिन्यात ते झोपून राहायला लागले. जेवण सोडलं, पेपर वाचणं सोडलं, उठून उभे राहिले की चक्कर. मामी म्हणाल्या, "हाय खाल्लीय त्यांनी." नातेवाईक म्हणाले, आता आजार वाढला, शेवटचे दिवस आहेत, जे काय खायला मागतील ते द्या. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन लावलं की एक दिवस बरं वाटायचं, परत तेच. आणि गंमत म्हणजे नुकत्याच काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याने लहान झाली होती! कॅन्सर हटतोय आणि माणूस संपतोय, हे गणित कोणाला जुळवावंसं वाटलं नाही. मलासुद्धा नाही. मी तेव्हा सबमिशनमध्ये होते आणि फोनवर "मामांना जपा" एवढंच म्हणत होते.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने रक्तातलं सोडियम बघितलं. १३५ च्या वर हवं, ते होतं १२२. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कॉर्टिसॉल तपासायला पाठवलं. सकाळीच, कारण निरोगी माणसात ते तेव्हा सगळ्यात जास्त असतं. मामांचं जवळजवळ शून्य आलं. हायड्रोकॉर्टिसोन चालू केलं आणि तिसऱ्या दिवशी मामांनी चहा मागितला. वर "साखर कमी का घातली" म्हणून मामींवर ओरडलेसुद्धा. मामी रडायला लागल्या.

यात एक क्रमाची भानगड आहे. थायरॉईड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं, मग थायरॉक्सिन. उलटं केलं तर थायरॉक्सिनमुळे शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने संपतं आणि माणूस कोसळू शकतो.

आतड्याची सूज बरी होते, पण या मेलेल्या पेशी सहसा परत येत नाहीत. त्यामुळे गोळी जन्मभर. मात्र एक मोठा दिलासा म्हणजे, हॉर्मोन भरून काढलं की कॅन्सरचं औषध बहुतेकदा पुढे चालू ठेवता येतं. ज्या औषधासाठी मामांनी प्लॉट विकला, ते या छोट्या गोळीमुळे वाया गेलं नाही. हॉर्मोनची गोळी त्या मानाने कितीतरी स्वस्त.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईचं एक काम सांगते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तोंडा-घशाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर एक चाचणी केली. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी दिला दर तीन आठवड्यांना फक्त २०, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. हिशोब करा, अठरावा हिस्सा! नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभर जगणारे सुमारे १६ टक्के होते, हा छोटा डोस जोडल्यावर ४३ टक्के. म्हणजे ही औषधं आता ज्यांच्याकडे विकायला प्लॉट नाही त्यांच्यापर्यंतही पोचतील. मग असा थकवा जास्त घरांत दिसणार, आणि प्रत्येक घरात कोणीतरी "हाय खाल्लीय" म्हणणार.

म्हणून तुमच्या घरी, मेसमधल्या काकांकडे, कोणाकडेही इम्युनोथेरपी चालू असेल, किंवा काही महिन्यांपूर्वी बंद झाली असेल (हे त्रास नंतरही उपटू शकतात), आणि माणूस विचित्र थकला असेल, तर सोडियम, साखर, थायरॉईड आणि सकाळचं कॉर्टिसॉल याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी नुसतं "कॅन्सरचं औषध चालू आहे" म्हणू नका, औषधाचं नाव सांगा.

मामांच्या खिशात आता एक कार्ड असतं. 'मी स्टेरॉईडवर आहे, अचानक बंद करू नये' असं त्यावर मराठी आणि इंग्रजीत लिहिलंय. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, उलट्या होत असतील तर गोळीची वाट न बघता इंजेक्शन घ्यायला पळायचं. गणपतीत त्यांना ताप आला तेव्हा कोणाला न विचारता त्यांनी डोस दुप्पट केला आणि मग मला फोन केला. म्हणाले, "बाळ, घाट लागला होता. गिअर बदलला."