पर्लकोटेच्या पुलावर आर्किमिडीज

भामरागडला पावसाळ्यात कुणी निघालं की ‘गाडी कुठली’ असं विचारत नाहीत. ‘पुलावर पाणी किती’ असं विचारतात. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमापाशी वसलेलं हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. आलापल्लीहून जंगलातून येणारा रस्ता त्याच पुलावरून गावात शिरायचा, आणि नदी फुगली की पूल पाण्याखाली जाऊन गाव तुटायचं.

‘किती पाणी चालेल?’ हा प्रश्न चंद्रपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला वहीच्या समासात सोडवता येतो. हजार किलोची छोटी मोटार घ्या. तिचा तळ साधारण ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटर. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तरंगायला तिने आपल्या वजनाइतकं, म्हणजे एक घनमीटर पाणी बाजूला सारलं की पुरे. त्यासाठी तळाच्या वर जेमतेम १७ सेंटीमीटर पाणी लागतं. तळ मुळातच जमिनीपासून तेवढाच उंच. बेरीज ३४ सेंटीमीटर, गुडघ्याच्याही खाली!

खऱ्या गाडीत दारांच्या फटींतून पाणी आत शिरतं, त्यामुळे ती जरा उशिरा उचलली जाते. पण त्याच्या कितीतरी आधी चाकांवरचा भार हलका होऊन टायरची पकड सुटते, आणि वाहतं पाणी कुशीवर आदळून गाडीला कठड्याकडे ढकलतं. रपट्यांना, म्हणजे अशा ठेंगण्या पुलांना, तर बहुतेक ठिकाणी कठडाही नसतो. ‘गुडघाभर तर आहे’ म्हणत गाडी घालणाऱ्या ड्रायव्हरचा हिशेब चुकतो तो इथे.

गंमत अशी की ज्या नियमाने मोटार वाहून जाते, त्याच नियमाने डोंगा माणसांना पैलतीरी नेतो. झाडाचं एकच खोड पोखरून केलेली ही अरुंद होडी. तिला सांधा नाही, खिळा नाही. एकटा डोंगा कलंडायला फार वेळ लागत नाही. म्हणून दोन डोंगे शेजारी बांधून वर मोटारसायकल चढवतात. रुंदी वाढली की स्थैर्य वाढतं हे नौकाशास्त्रात समीकरण मांडून शिकवतात. नावाड्याला ते तोल गेल्यावर कळलेलं असावं.

जमिनीवर बैलबंडीचंही तसंच. तिचं चाक उगाच मोठं नसतं. चाकाची त्रिज्या जितकी जास्त, तितका वाटेतला दगड किंवा चाकोरीची कड ओलांडायला कमी जोर लागतो. पण चिखलात लाकडाचे ओंडके ओढायला वनखात्याने चाकावर भरवसा ठेवला नाही, हत्ती ठेवले. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच कामाची आठवण आहे. आता लोक तिथे हत्ती बघायला जातात.

रेल्वेने मात्र या जंगलाला बाहेरूनच स्पर्श केला. चंद्रपूर शहराला दोन स्टेशनं: एक दिल्ली-चेन्नईच्या मुख्य मार्गावरचं चंद्रपूर, दुसरं गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचं चांदा फोर्ट. हा दुसरा मार्ग एकेकाळी नॅरोगेज होता. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. त्या मापात खर्च वाचत होता, वळणं झटकन घेता येत होती. वेग मात्र बेताचा. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी तर २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धावत होती. मग रूळ रुंद करायला मार्ग बंद केला. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला अनेक दशकं एकच स्टेशन आलं, देसाईगंज म्हणजे वडसा, तेही उत्तरेच्या टोकाला. तिथून जिल्ह्यातलंच सिरोंचा दोनशे किलोमीटरहून दूर.

रुंद रुळांवरून वेगाने धावणाऱ्या गाड्यांची किंमत जंगलानेही मोजली. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच गोंदिया-बल्लारशाह मार्गावर चिचपल्लीच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. वाहनाचा वेग वाढवताना वाटेत कोण राहतं हे कोष्टकात लिहायची सोय नसते.

रस्त्याची कथाही अशीच. राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघाली. गडचिरोलीतल्या अहेरीहून गर्देवाडा या गावाला पहिली एसटी गेली १ जानेवारी २०२५ रोजी, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. साडेशहात्तर वर्षांनी. बस तीच, डिझेल तेच. नव्हता तो रस्ता आणि त्यावरचे पूल. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता झाला, मग बस धावली. नक्षल्यांची भीती हे एक कारण होतंच, पण बसला शेवटी डांबरच लागतं.

जिथे डांबर नाही तिथलं वाहन म्हणजे खाट. आजाऱ्याला खाटेवर घालतात, खाट दोरांनी एका लांब बांबूला टांगतात, आणि एक जण पुढे, एक मागे असे खांदा देऊन चालतात. बाजूने चालणारे वाटेत खांदा बदलतात, शक्यतो खाट खाली न टेकवता. आजारी माणूस बाजूला डोलत राहतो. चौघांनी चार कोपरे धरले तर पायवाटेवर मावत नाहीत, म्हणून बांबू. नाल्यात पाणी कमरेपर्यंत असलं की बांबू खांद्यावरून डोक्यावर जातो. पलीकडे, पहिल्या पक्क्या रस्त्यावर, १०८ ची रुग्णवाहिका उभी असते.