तैलशिलेतील खनिजे आणि हायड्रोजन

मठ्ठ मुलास ‘दगड’ म्हणण्याची आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे. दगड म्हणजे जे काही करीत नाही ते, अशी त्यामागील समजूत. ती किती अपुरी आहे, हे तैलशिलेच्या उदाहरणावरून दिसते.

पलसाणा तालुक्यात आम्हांस दिसते ती उसाची काळी जमीन. परंतु याच सुरत जिल्ह्यात, उत्तरेकडे मांगरोळ तालुक्यातील वस्तान येथे, लिग्नाइटच्या उघड्या खाणीत करड्या-काळ्या शेलचे थर दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना कॅम्बे शेल, म्हणजे खंबायतचा शेल म्हणतात. ते पाच कोटी वर्षांहून जुने आहेत. अंकलेश्वरला 1960 साली जे तेल सापडले, त्याचा उगम याच शेलच्या खोल गाडल्या गेलेल्या थरांत मानला जातो.

शेलमध्ये तेल आयते भरलेले नसते. त्यात केरोजेन नावाचा घन सेंद्रिय पदार्थ असतो. शिला सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, की केरोजेनचे रेणू तुटून काहींचे तेल होते. काही पुन्हा एकमेकांस चिकटून कोळसा बनतात. दाबाखाली हायड्रोजन दिल्यास तुटलेली टोके त्याच्याशी जोडली जातात व तेल अधिक मिळते. कोळशावर असाच प्रयोग करणाऱ्या फ्रीडरिख बेर्गिउस यांना 1931 साली कार्ल बॉश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु तैलशिलेचा बहुतांश भाग खनिजांचा असतो, आणि तीही हायड्रोजनची वाटेकरी होतात. त्यांत प्रमुख पायराइट, म्हणजे लोखंड व गंधक यांचे पिवळे, चकचकीत संयुग. हायड्रोजनच्या सान्निध्यात सुमारे 400 अंशांवर ते आपला निम्मा गंधक सोडते. 120 किलो पायराइट 2 किलो हायड्रोजन घेते व 34 किलो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू देते. ही झाली चोरी. पण मागे उरलेले लोह सल्फाइड केरोजेनला हायड्रोजन पोहोचविण्याच्या कामी उत्प्रेरक ठरते. चोर घरात शिरला आणि घरकामास लागला, असा हा प्रकार!

कार्बोनेटांची गोष्ट निराळी. लोहाचे कार्बोनेट लवकर फुटते; कॅल्साइटला याहून बरीच अधिक उष्णता लागते. त्यांतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजन खाऊन पाणी, कार्बन मोनॉक्साइड, प्रसंगी मिथेन बनवितो. येथे व्यय होतो व तेल वाढत नाही. उलट चुनखडीचा अंश वरील विषारी वायू पकडून कॅल्शियम सल्फाइड करतो. चिकणमातीची खनिजे आपल्यात बांधलेले पाणी सोडतात. गारगोटीचा अंश मात्र खरोखरच स्वस्थ असतो.

म्हणून केवळ केरोजेन मोजून मांडलेला हिशेब फसवा ठरतो. एका शिलेवर यशस्वी झालेली रीत दुसरीवर तशीच लागू पडेल असे नाही. प्रथम तिची खनिजे ओळखावी लागतात. तेल निघाल्यावरही प्रश्न संपत नाही. उरलेल्या राखेतील सल्फाइडे हवा-पाण्यात उघडी पडली, तर त्यांतून आम्ल झिरपू शकते. असा उद्योग उद्या कोणी आमच्या जिल्ह्यात आणू म्हणाला, तर किती तेल निघेल याच्याइतकाच, राख कोठे टाकणार, हा प्रश्न उसाच्या शेतकऱ्याने विचारला पाहिजे. दगड काही करीत नाही, हे उत्तर मात्र त्याने मान्य करू नये.