“कसा आहे हो सिनेमा?”

श्रोतेहो, बारडोली म्हटले की आपल्या मनापुढे 1928 सालचा सत्याग्रह उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी त्या गावाकडे जरा हलक्या निमित्ताने वळणार आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गावर हे गाव वसले आहे. व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी स्टेशने घेत गाडी खानदेशात शिरते. त्यामुळे या पट्ट्यात गुजराती आणि मराठी, किंबहुना अहिराणीसुद्धा, एकाच डब्यात बसलेली आढळते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की धुळे-नंदुरबारकडील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या या भागात उतरतात. भाषा निराळ्या, अन्न निराळे, पण एक विषय असा की ज्यावर दोघांनाही सारख्याच अधिकाराने बोलता येते. तो विषय म्हणजे हिंदी सिनेमा. आणि त्या बोलण्याचा आरंभ ठरलेला: “कसा आहे हो सिनेमा?”

हा प्रश्न आपण इतक्या सहजपणे विचारतो की त्यामागे काही शास्त्र असेल असे वाटतही नाही. पण पाहा: आंबा घेताना आपण तो हुंगून पाहतो, लुगडे घेताना पोत चाचपतो. सिनेमाचे तसे नाही. पैसे आधी मोजावे लागतात आणि माल नंतर कळतो; बरे, न आवडल्यास परत करण्याची सोय नाही. फिलिप नेल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली अशा वस्तूंचा एक वेगळा वर्गच मानला: ज्यांचा गुण उपभोगानंतरच समजतो अशा वस्तू. अशा बाबतीत आधी अनुभव घेतलेल्या माणसाचे तोंड हीच आपली परीक्षा. मोठ्या चित्रगृहासाठी सुरत गाठायची तर तिकिटाबरोबर जाण्यायेण्याचे भाडे आले, दिवसाची मजुरी बुडाली. मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या कुटुंबाला चुकीची शिफारस किती महाग पडेल, याचा हिशेब श्रोत्यांनी आपल्याशीच करावा.

मग विचारायचे कोणाला? आपली समजूत अशी की ज्याची अभिरुची उच्च त्याला विचारावे. मला हे मत मान्य नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकांविषयी जे विवेचन आहे ते या बाबतीत फार शहाणपणाचे आहे. तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना रौद्र आणि बीभत्स, वृद्धांना धर्मकथा. ज्याचा जसा स्वभाव तसा त्याचा आनंद, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सल्लागाराची रुची उच्च असण्यापेक्षा ती आपल्याला ठाऊक असणे महत्त्वाचे. एखाद्या आतेभावाला जे जे आवडते ते ते आपल्याला नेमके नावडते, असा अनुभव असेल, तर तो आतेभाव उत्तम सल्लागार होय! त्याने नाक मुरडले की आपण निःशंकपणे तिकीट काढावे. आणि “चांगला आहे का?” असे विचारण्यापेक्षा “कंटाळा कुठे आला?” असे विचारलेले बरे. पहिल्या प्रश्नाला लोक भिडेखातर उत्तर देतात, दुसऱ्याला मात्र आठवून द्यावे लागते.

या तोंडी मतांचे सामर्थ्य केवढे असते याचे उदाहरण 1975 सालाने दिले. त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्यातला ठाकूर, संजीवकुमार, हा मुळचा सुरतेचा हरिहर जरीवाला. आरंभी समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले, धंद्यातील जाणत्यांनी तो पडला म्हणून सांगितले, आणि निर्मात्यांच्या मनात शेवट बदलण्याचे विचार घोळू लागले. पण प्रेक्षक घरी जाऊन बोलत होते. संवाद म्हणून दाखवत होते. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. त्याच वर्षीचा ‘जय संतोषी माँ’ तर अल्प खर्चाचा, मोठ्या नटांवाचून काढलेला. बायकांनी एकमेकींना सांगितले आणि चित्रगृहाची मंदिरे झाली. लोक पादत्राणे बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळीत.

यावरून लोकांचा कौल अचूक असतो, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी 2006 साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित अशी 48 गाणी त्यांनी चौदा हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे ठेवली. काहींना इतरांची पसंती मुळीच कळू दिली नाही. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट केले, आणि आपल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले एवढेच त्यांना दाखवले. परिणाम असा की एका गटात जे गाणे डोक्यावर घेतले गेले तेच दुसऱ्या गटात कोपऱ्यात पडले. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा शिखरावर चढली नाहीत. परंतु मधल्या साऱ्यांचे भाग्य, प्रारंभी कोण काय बोलले यावर हेलकावे खात राहिले. आणि बहुतेक चित्रपट मधलेच असतात, नाही का?

म्हणूनच लहान चित्रपटाला पहिला आठवडा हा जीवनमरणाचा. गर्दी नसली की खेळ कमी होतात, खेळ कमी झाले की बोलणारे कमी होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात आपण “अहो, फार छान होता” म्हणतो तेव्हा तो चित्रगृहात उरलेलाच नसतो. मराठी निर्मात्यांना हे दुःख नवे नाही. क्वचित याच्या उलटही घडते. 2025 च्या ऑक्टोबरात आलेला ‘लालो – कृष्ण सदा सहायते’ हा गुजराती चित्रपट आरंभी जेमतेम चालला. मग एकाने दुसऱ्याला सांगत सांगत त्याचे खेळ वाढले, आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला गुजराती चित्रपट ठरला.

आता मतभेदाविषयी थोडे. आवडत्या चित्रपटाला कोणी नावे ठेवली तर आपल्या घराण्याचीच निंदा झाल्यासारखे आपण उसळतो. वस्तुतः समोरच्याने चित्रपटाबद्दल जेवढे सांगितले तेवढेच स्वतःबद्दलही सांगितलेले असते. बापलेकांच्या भांडणाचा प्रसंग एकाला खोटा वाटला आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर वाद न घालता कारण विचारून पाहावे. पुष्कळदा उत्तर पडद्यावरचे नसते.

एक पथ्य मात्र दोन्ही भाषांच्या रसिकांनी पाळावे: शेवट सांगू नये. लंडनमध्ये अॅगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक 1952 पासून होत आले आहे. खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नका, अशी विनंती पडदा पडण्यापूर्वी प्रेक्षकांना केली जाते. इतक्या वर्षांत ते गुपित असंख्य लोकांना ठाऊक झाले आहे, तरी तिकिटे अजून खपतातच.